हवेची कीर्द कोण लिहिणार?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नवी वही पाटावर मांडतात, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, वर 'श्री' लिहितात आणि हळदकुंकू वाहून तिला नमस्कार करतात. देवादिकांच्या पंक्तीला हिशेबाची वही बसवणारा आपला समाज आहे, आणि मला ह्याचा अभिमान वाटतो. ह्या पूजेतला अर्थ उघड आहे. ज्याच्या दुकानी जमाखर्च रोजच्या रोज आणि खरा लिहिला जातो त्याच्याकडे लक्ष्मी टिकते. आणि जो महिनाभराची कीर्द एका रात्रीत बसून 'जमवतो' त्याचे दिवाळे, आज ना उद्या, ठरलेले असते.

मला ह्या दिवाळीच्या निमित्ताने एका निराळ्याच वहीविषयी भांडायचे आहे. ती वही हवेची. आपण ज्या हवेत श्वास घेतो तीत कोणता वायू किती आला, किती गेला आणि कोठून आला, ह्याची कीर्द जगातली काही मोजकी माणसे 1950 नंतरच्या दशकापासून चिकाटीने लिहीत आली आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ही वही लिहिणारा मनुष्य हा आपल्या युगातला सर्वांत मोलाचा कारकून आहे. आणि आपण भाषणे करणारी माणसे त्याला नुसता कारकून म्हणून हिणवतो, काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्याच्या तुटपुंज्या खर्चाला लावतो, आणि त्याच्या वहीत खंड पडला तर आपल्याला त्याचे सुतकही नसते.

कोणी विचारील, बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, शाळेत मुले शिकवता, शिकल्या आहात मॅट्रिकपर्यंत. ह्या वायूंच्या भानगडीत तुम्ही कशाला पडता? उत्तर सोपे आहे. हवा काही पदवीधरांनाच लागते असे नाही. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे हजेरीपट भरला आहे त्याला एक गोष्ट कोणत्याही पंडिताइतकीच चांगली ठाऊक असते: ज्या दिवशी हजेरी घेतली नाही, त्या दिवशी कोण आले होते हे पुढे कितीही चौकशी केली तरी नक्की सांगता येत नाही.

आमच्या शाळांतून दरवर्षी जून महिन्यात पर्यावरण दिन साजरा होतो. पाहुणे येतात, एक रोप लावतात, छायाचित्र निघते, 'पृथ्वी वाचवा' अशा घोषणा होतात. अशाच एका पाहुण्यांना आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "हवेत हे वायू वाढले, हे कोणी मोजले? कसे मोजले?" पाहुणे हसले आणि म्हणाले, "बाळ, ते मोजणारे मोजत बसतात. आपण कृती करायची!" टाळ्या पडल्या. माझे भांडण ह्या टाळ्यांशी आहे. मोजणे ही कृती नव्हे, ते रिकामटेकड्यांचे काम आहे, ही समजूत आपल्या सुशिक्षितांच्या हाडीमाशी खिळली आहे. तिच्या विरुद्ध मी जितके म्हणून सांगता येईल तितके आज सांगणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोरड्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो, 21 टक्के प्राणवायू असतो आणि एक टक्क्याला थोडा कमी आरगॉन असतो. ह्या तिघांनी मिळून जवळजवळ सगळी हवा व्यापली. उरलेल्या चिमूटभर जागेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि माणसाने कारखान्यांत बनवलेले कितीतरी वायू दाटीवाटीने राहतात. दहा हजार माणसांच्या जत्रेत चार माणसे असावीत, इतकाच काय तो आज हवेतला कार्बन डायऑक्साइड. पण फोडणीत हिंग किती असतो हे सुगरणीला विचारा! हे चिमूटभर वायू आणि पाण्याची वाफ पृथ्वीची ऊब धरून ठेवतात. ही नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यासारखे 15 अंशांच्या आसपास न राहता शून्याखाली 18 अंशांपर्यंत उतरले असते. तेव्हा चिमूट लहान म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. उलट चिमूट जितकी लहान तितके ती मोजणे अवघड, आणि तितकेच ते जरुरीचे.

आता ह्या वहीचे पहिले पान पाहा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1958 सालच्या मार्च महिन्यात हवाई बेटांतल्या माउना लोआ पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3400 मीटर उंचीवर, कार्बन डायऑक्साइड मोजायला आरंभ केला. पहिला आकडा आला तो दहा लाख भागांत 313 भाग. इतक्या दूर, समुद्राच्या मध्यावर आणि डोंगरमाथ्यावर जायचे कारण असे, की गावात मोजले तर शेजारच्या चुलीचा धूर मोजला जातो. कीलिंगला अवघ्या गोलार्धाची हवा मोजायची होती. हे काम किती नाजूक असते ते एका गोष्टीवरून कळेल. काचेच्या कुपीत हवेचा नमुना भरताना भरणाऱ्याने श्वास रोखून धरायचा असतो. कारण माणसाच्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. एक सुस्कारा सोडला की नमुना फुकट!

एक-दोन वर्षांतच कीलिंगला दोन गोष्टी दिसल्या. एक अशी, की आकडा दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास वर चढतो आणि पावसाळा सरता सरता खाली येतो. उत्तर गोलार्धातली झाडेझुडपे वाढीच्या दिवसांत हा वायू ओढून घेतात आणि पानगळीत परत सोडतात. अवघी वनस्पतिसृष्टी श्वास घेते-सोडते, हे मनुष्याने तेव्हा प्रथम आकड्यांत पाहिले. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक वर्षीचा श्वास मागच्या वर्षीपेक्षा थोडा वरच्या पायरीवर असतो. 1958 साली 313 होते. 2024 सालची सरासरी 424 च्या वर गेली. आणि 2025 च्या मे महिन्यात महिन्याची सरासरी प्रथमच 430 ओलांडून गेली. कारखानदारीच्या युगापूर्वी हा आकडा 280 च्या आसपास होता. आज जगात हवामानाविषयी जे काही बोलले जाते, त्याच्या मुळाशी हा एका माणसाच्या हट्टाने लिहिलेला हजेरीपट आहे.

आणि त्या माणसाचा सत्कार कसा झाला? पैसे देणाऱ्या खात्यांनी त्याला वारंवार विचारले, की एकदा वाढ दिसली, आता पुन्हापुन्हा तेच काय मोजता? ह्यात नवे संशोधन ते कोणते? 1964 साली पैशाच्या कपातीपायी माउना लोआची नोंद काही आठवडे बंद पडली. त्या सुप्रसिद्ध आलेखात तेवढी जागा आजही रिकामी आहे. 1998 साली कीलिंगने आपल्या आयुष्याचा आढावा लिहिला आणि त्याच्या मथळ्यात पृथ्वीवर पाळत ठेवण्याच्या 'पारितोषिकां'बरोबर 'शिक्षा' हा शब्दही घातला. तो 2005 साली वारला. त्याचा मुलगा राल्फ त्याच मार्गाने पुढे गेला. 2022 च्या नोव्हेंबरात ज्वालामुखी जागा झाला आणि लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता व वीज तोडली, तेव्हा शेजारच्या माउना केआ पर्वतावर यंत्रे मांडून वही चालू ठेवली गेली. ज्वालामुखीला जे साधले नाही ते अंदाजपत्रकाला साधू शकते. 2025 साली अमेरिकेच्या सरकारने पुढल्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात माउना लोआच्या वेधशाळेचा खर्चच पुसून टाकण्याची सूचना होती. श्रीमंत देशाची ही बुद्धी! मग आपण कोणाकडून कसली अपेक्षा ठेवावी?

"पण नुसते आकडे टिपून काय होते?" हा आक्षेप मी फार ठिकाणी ऐकला आहे. त्याचे उत्तर म्हणून एक खरी हकिगत सांगते. जेम्स लव्हलॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1957 च्या सुमारास एक लहानसे, पण विलक्षण तीक्ष्ण नाकाचे यंत्र तयार केले होते. 1971 साली ते बरोबर घेऊन तो 'शॅकल्टन' नावाच्या जहाजावरून दक्षिणेकडे निघाला आणि वाटेत जागोजाग हवा हुंगत गेला. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा सी. एफ. सी. 11 हा वायू त्याला भर समुद्रावरही सापडला. किती? एक लाख कोटी भागांत पन्नासाच्या आसपास! लव्हलॉकने आपला अभिप्राय असा दिला, की ह्यापासून कसलाही धोका संभवत नाही. पण त्याच्या मोजमापाची वार्ता शेरवुड रोलंड ह्याच्या कानी गेली. त्याने साधा प्रश्न केला: हा वायू इकडे कशातच विरघळत नाही, कशानेच मोडत नाही, तर शेवटी जातो कोठे? मारिओ मोलिना आणि तो ह्यांनी 1974 साली उत्तर दिले, की तो वर चढतो, उन्हाच्या तीव्र किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचे छत्र कुरतडतो. 1995 साली पॉल क्रुट्झनच्या बरोबरीने त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या हकिगतीतला बोध ध्यानात घ्या. मोजणाऱ्याचे मत चुकले. त्याचा आकडा चुकला नाही. मते येतात आणि जातात. नीट घेतलेला आकडा मात्र मोजणाऱ्याच्या मताचाही गुलाम नसतो. म्हणून मी म्हणते, की आकडा ही एक सचोटीची वस्तू आहे, आणि सचोटीच्या वस्तूला 'नुसता' हे विशेषण लावू नये.

दुसरी हकिगत दक्षिण ध्रुवाकडची. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे ह्या ब्रिटिश ठाण्यावर 1950 नंतरच्या दशकापासून डॉब्सन नावाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राने आकाशातला ओझोन मोजला जाई. वर्षांमागून वर्षे एकच काम, तेच यंत्र, तीच थंडी. ह्यात काय पाहायचे आहे, असे कोणालाही वाटावे. पण जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन ह्यांनी त्या वह्या चाळल्या, तेव्हा त्यांना ऑक्टोबर महिन्यातला ओझोन पूर्वीपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटलेला दिसला. 1985 साली त्यांनी ते जाहीर केले. गंमत अशी, की त्याच आकाशावरून अमेरिकेचा महागडा उपग्रह फिरत होता. त्यालाही हे नीचांकी आकडे दिसले होते. परंतु इतके कमी आकडे असणे शक्य नाही, म्हणून ते संशयित ठरवून बाजूला ठेवले गेले होते. जुन्या वह्या हाताशी नसत्या तर 'पूर्वीपेक्षा' हा शब्द उच्चारायला कोणाला आधार होता? त्या एका शोधानंतर दोनच वर्षांत, 1987 साली, मॉन्ट्रिअलचा करार झाला आणि सी. एफ. सी. वायूंना पायबंद बसू लागला. ह्याला कृती म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे?

आता तिसरी हकिगत, आणि ती मला सर्वांत आवडते. कारण तीत चोर पकडला जातो. मॉन्ट्रिअलच्या करारान्वये 2010 पासून जगातले सी. एफ. सी. 11 चे उत्पादन थांबले, असे सर्व देशांचे कागद सांगत होते. कागदावर शून्य. परंतु 2018 साली स्टीफन मॉन्ट्झका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की 2012 नंतर हवेतल्या ह्या वायूची घट निम्म्याने मंदावली आहे. कोणीतरी नव्याने तो बनवून सोडत असल्याखेरीज असे घडणे शक्य नव्हते. कोण? दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे गोसान आणि जपानचे हातेरुमा ह्या दोन ठाण्यांच्या वह्यांतून 2019 साली उत्तर आले: ह्या वाढीतला मोठा हिस्सा पूर्व चीनमधून, मुख्यतः शानतुंग आणि हपै प्रांतांच्या बाजूने, येत होता. गवगवा झाला, चिनी सरकारने धरपकड केली, आणि पुढे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तो वायू पुन्हा घटलेला दिसला. कागद खोटे बोलला. हवा खोटे बोलली नाही.

दूरच्या बेटावर बसून चोराचे घर कसे सापडले, हे इथे सांगायला हवे. कारण ह्याच कामाला शास्त्रज्ञ 'मॉडेल' म्हणतात, आणि त्या शब्दाने पुष्कळ वाचक बिचकतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्या कोणालाही हे समजेल. चकलीच्या तळणीचा वास आला. तो कोणाकडचा? एकट्या नाकाला ते सांगता येत नाही. पण तीन गॅलऱ्यांत तीन माणसे उभी आहेत, कोणाला वास केव्हा आला आणि किती उग्र आला हे त्यांनी टिपले आहे, आणि त्या त्या वेळी वारा कोणत्या बाजूने वाहत होता हे आपल्याला ठाऊक आहे, तर वाऱ्यामागे उलट चालत जाऊन कोणत्या बिऱ्हाडात कढई चढली आहे हे खात्रीने सांगता येते. आणि घाणे किती काढले ह्याचा अंदाजही बांधता येतो. शास्त्रज्ञ हेच करतात; मात्र नाकाऐवजी यंत्रे वापरतात, आणि वाऱ्याचे गणित कागदावर न मावणारे असल्यामुळे ते संगणकाकडून करवून घेतात. अमुक ठिकाणाहून अमुक इतका वायू सुटला असे धरायचे, वाऱ्याबरोबर तो कुठे किती पोचेल ते काढायचे, प्रत्यक्ष ठाण्यावर किती आला त्याच्याशी ताडून पाहायचे, आणि मेळ बसेपर्यंत धरलेला आकडा दुरुस्त करायचा.

ह्याला काही विद्वान 'ज्योतिष' म्हणतात. मला ह्या शब्दाचा राग येतो. ज्योतिषाने वर्तवलेले खरे ठरले की दहा गावांत बोभाटा होतो आणि खोटे ठरले की कोणी त्याची वाच्यता करत नाही. इथे उलट आहे. मॉडेलाने जो आकडा सांगितला तो हवेपुढे उभा केला जातो, आणि चुकला तर किती चुकला हेही छापले जाते. मात्र ह्या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे, तो मी नाकारत नाही. नाकेच कमी असतील तर वाऱ्याचे गणित कितीही उत्तम असो, उत्तर अंधुकच येणार. पण त्याचा अर्थ गणित टाकून द्या असा नव्हे. नाके वाढवा असा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे आणखी एक आक्षेप फार देशभक्तीने घेतला जातो. हा सगळा धूर पाश्चात्त्यांनी दीडशे वर्षे सोडला. आता त्यांनीच मोजावा. आमच्या हवेत डोकावणारे ते कोण? ह्यातला पहिला भाग खरा आहे. कार्बन डायऑक्साइडचा आजवरचा साठा मुख्यतः श्रीमंत देशांनी केला, हे मीही वर्गात ठासून सांगते. पण त्यावरून आपण मोजू नये, हे कसे निघते? ज्याचे देणे थोडे आहे त्यानेच तर वही चोख ठेवायला हवी! सावकाराच्या वहीवर भरवसा टाकणाऱ्या कुळाचे काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

आणि आपली वही तपासली गेली तेव्हा काय निघाले ते पाहा. 2017 साली अनिता गणेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रह, विमाने आणि जमिनीवरची ठाणी ह्यांच्या मोजमापांवरून भारतातून किती मिथेन सुटतो ह्याचा हिशेब केला. आपली गुरेढोरे, आपली भाताची खाचरे, आपले उकिरडे ह्यांतून हा वायू येतो, आणि 'भारत कमी सांगत असणार' अशी शंका घेणे सोपे होते. हिशेब निघाला तो 2010 ते 2015 ह्या काळात वर्षाला सुमारे 2 कोटी 20 लाख टनांचा, आणि तो भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्याशी जुळला. शिवाय त्या वर्षांत फारशी वाढही दिसली नाही. म्हणजे हवेने आपल्या बाजूने साक्ष दिली. अशा साक्षीदाराला दारातून हाकलून देणारा वकील मी तरी पाहिला नाही.

मग आपण ह्या साक्षीदाराचे कसे लाड केले? दक्षिण गोव्यात काबो द राम म्हणून एक भूशिर आहे. तिथे जुना किल्ला आहे आणि सहलीला जाणारे तिथून सूर्यास्त पाहतात. अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सी. एस. आय. आर. ओ. ही संस्था ह्यांनी 1993 साली तिथे हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. काचेच्या कुप्या भरायच्या आणि ऑस्ट्रेलियात पाठवायच्या. तिथे त्यांतला कार्बन डायऑक्साइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रस ऑक्साइड मोजला जाई. जागा किती नामी! पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरची निर्मळ हवा तिथे आणतात, आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे अवघ्या भारतखंडाचा उच्छ्वास त्याच कड्यावरून समुद्राकडे नेतात. एकाच जागी उभे राहून अर्धे वर्ष समुद्र मोजावा आणि अर्धे वर्ष देश मोजावा, अशी जागा निसर्गाने आपल्याला फुकट दिली. त्या वहीत 2002 पर्यंतची पाने भरली आहेत. मग खंड पडला. पुढे काही वर्षांनी ते काम पुन्हा काही काळ चालले. पण मधली पाने कोरी ती कोरीच. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात, त्यांवरून आठ लाख वर्षांपूर्वीची हवासुद्धा मोजता येते. गोव्याच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही. तिथली गेलेली हवा गेलीच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2009 साली सिंहगडावर असेच नमुने घ्यायला आरंभ केला. रविवारी गडावर जाणाऱ्यांना तानाजी ठाऊक असतो, हे योग्यच आहे. पिठलेभाकरी आणि मडक्यातले दही ठाऊक असते, हेही योग्यच आहे. पण ह्याच गडावरून आपल्या प्रांताच्या हवेची नोंद घेतली गेली, हे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. लडाखमध्ये हान्ले, किनाऱ्यावर पुदुच्चेरी, अंदमानात पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणीही नोंदी झाल्या आहेत. पण एवढा खंडप्राय देश, आणि नाके बोटांवर मोजण्याइतकी!

हे काम आपल्या परंपरेत नाही, असेही कोणी म्हणू नये. डॉब्सनने आपली ओझोन मोजण्याची यंत्रे 1928-29 च्या सुमारास जगातल्या निवडक ठिकाणी धाडली, त्यांत आपले कोडाईकनाल होते. अहमदाबादच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन ह्यांनी ओझोनच्या अभ्यासात जगभर मान मिळवला. आणि अण्णा मणी ह्या विदुषी 1948 साली पुण्याच्या हवामानखात्यात आल्या. पुढे 1960 नंतरच्या दशकात फुग्याबरोबर आकाशात जाऊन ओझोन मोजणारे यंत्र त्यांच्या देखरेखीखाली भारतातच तयार झाले. मापन चुकीचे असेल तर ते नसलेलेच बरे, अशा बाण्याने काम करणारी ही बाई. आमच्या पाठ्यपुस्तकांतून तिच्यावर एक पुरता धडा असायला हवा.

"गरीब देशाला हे परवडते का? आधी भाकरी, मग यंत्रे," असे म्हणणाऱ्यांचा मी आदर करते, कारण भाकरीची आठवण ठेवणारा मनुष्य वाईट नसतो. पण भाकरी पिकते ती पावसावर, आणि पावसाचे उद्याचे वागणे ठरवण्यात ह्याच चिमूटभर वायूंचा हात आहे. एखाद्या पुलाच्या उद्घाटनाला जेवढे मांडव आणि हारतुरे लागतात तेवढ्याशी ह्या कुप्यांचा खर्च ताडून पाहावा, म्हणजे परवडण्याचा प्रश्न कोठे विचारायला हवा ते कळेल. आणि 'झाडे लावा' म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की जरूर लावा. पण तुमच्या झाडांनी हवेतून किती ओढून घेतले हे कोणाच्या वहीत पाहणार?

शेवटी माझ्या स्वतःच्या जातीला, म्हणजे लेखकांना, दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. आकडा म्हणजे रुक्ष आणि भावना म्हणजे ओली, अशी आपली वाटणी आहे. दिवाळी अंकांतून आपण निसर्गावर पानेच्या पाने लिहितो. त्यांत पाऊस असतो, मृद्गंध असतो, पारिजातकाचा सडा असतो. पण हिमवादळात ठाण्यावर राहून तोच आकडा पुन्हा टिपणारा, डोंगरकड्यावर श्वास रोखून कुपी भरणारा मनुष्य आपल्या एकाही कथेत येत नाही. ज्याच्या आयुष्यातले सारे कष्ट दुसऱ्या कोणाला तरी, कदाचित पन्नास वर्षांनी, उपयोगी पडणार आहेत, आणि हे ठाऊक असून जो आजची नोंद आज करतो, त्याच्याइतका कथानायक व्हायला लायक दुसरा कोण आहे?

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक: कोकणकिनारा, सह्याद्री, मराठवाडा आणि विदर्भ ह्या प्रत्येक ठिकाणी हवेतल्या ह्या वायूंची अखंड नोंद ठेवणारे निदान एक ठाणे असावे, आणि त्याचा खर्च एकदम पंचवीस वर्षांसाठी बांधून द्यावा, म्हणजे दर अंदाजपत्रकाला त्याच्या मानेवर सुरी फिरणार नाही. दोन: त्या नोंदी शाळेतल्या मुलालाही पाहता येतील अशा उघड्या असाव्यात, जी वही धन्याला दाखवत नाहीत ती वही नव्हे. तीन: ज्या शाळा पर्यावरण दिनाला रोप लावतात त्यांनी त्याच दिवशी पर्जन्यमापक आणि तापमापक बसवावा, आणि मुलांकडून वर्षाचे सगळे दिवस, सुट्ट्यांसकट, नोंद करवून घ्यावी. वायू मोजणे शाळेच्या आवाक्यातले नाही. पण खंड न पाडता मोजणे म्हणजे काय, हे मुलांच्या अंगवळणी पाडणे पूर्णपणे आवाक्यातले आहे.

ह्यातले पहिले मागणे सरकारकडे आहे, तिसरे माझ्यासारख्या शिक्षकांकडे. दुसरे मात्र, वाचकहो, तुमच्याकडे आहे. कारण कोणी मागितल्याशिवाय सरकारी वही कधी उघडत नाही. पुढल्या खेपेला एखादा पुढारी हवेविषयी बोलायला उभा राहिला, की टाळी वाजवण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारा: किती, आणि हे कोणी मोजले? उत्तर आले तर जरूर टाळी द्या. नाही आले, तर हात मांडीवरच राहू द्यात.